पडद्यावरची पृथ्वी

माझा नवरा मालवाहू जहाजावर असतो. जाताना त्याने माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर फिरती पृथ्वी लावून दिली. ढग, ऊन, सावली, सगळं त्या त्या वेळचं. सासूबाई रोज सकाळी विचारतात, "आज कुठं आहे गं तो?" त्याने फोनवर सांगितलेल्या जागी मी निळ्या पाण्यावर बोट ठेवते.

गेल्या आठवड्यात तिथंच ढगांचा पांढरा भोवरा दिसला. दोन दिवस फोन नाही. सासूबाई पडद्यासमोरून हलल्या नाहीत. अखेर संध्याकाळी फोन आला. "सुखरूप आहे," तो म्हणाला, आणि मला रडूच आलं.

सासूबाईंनी फोन घेतला. "देवाची कृपा रे बाबा," म्हणाल्या, आणि लगेच, "त्या ढगाखाली आणखीही बोटी असतील ना? त्यांची चौकशी कर."

इतके दिवस त्या पृथ्वीवर मी एकच माणूस शोधत होते. त्या संध्याकाळी दिवा लावताना सगळ्यांसाठी हात जोडले.