पप्पांनी न घेतलेला प्याला
बायको आज चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी काळ्या मनुका उकळतेय आणि तो दाट, गोडसर वास मला डोंबिवलीच्या या स्वयंपाकघरातून उचलून थेट नौपाड्याच्या चर्चमधल्या आमच्या बाकावर नेऊन बसवतो. तेव्हा मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला नुकता लागलेलो. माणसाने गर्दीकडे न बघता स्वतः निवड करावी, असं मुलांना रोज सांगायचो. त्या रविवारी घरून निघताना मी पप्पांना म्हणालेलो, "माझा विश्वास नाही. लोक विचारतात म्हणून येतो." त्यांनी चपला घातल्या आणि पुढे चालू लागले. चर्चमध्ये द्राक्षरसाच्या छोट्या प्याल्यांचा ट्रे बाकावर फिरत आला, तेव्हा मात्र त्यांनी स्वतः न घेता तो माझ्याकडे सरकवला. "पप्पा, तुम्ही?" मी कुजबुजलो. "सकाळचा राग अजून गेला नाही रे. तुझ्यावर राग धरून कसा घेऊ?" इतक्या वर्षांत त्यांनी प्याला कधी सोडला नव्हता, त्यामुळे अख्खं बाक आमच्याकडे वळून बघत होतं. त्या नजरांना घाबरून मी पटकन प्याला उचलला आणि प्यायलो. "चव बघ जरा," म्हणत बायको आता चमचा पुढे करते. रस छान गोड झालाय. त्या दिवशीही तो गोडच लागलेला.