आत्या आधी तळ बघते

माझी आत्या माणसाचा चेहरा नंतर बघते, आधी पाय. बाजारातल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात ती बूट-चपला विकते. तिथं ट्यूबलाइट आहे, खोके आहेत आणि रबराचा वास आहे. ऊन मात्र पायऱ्या उतरून तिथवर यायचा कंटाळा करतं. घरी कुणी आलं की आम्ही "या, बसा" म्हणेपर्यंत आत्याचा निकाल लागलेला असतो, "डावी टाच जास्त झिजलीय तुमची. झुकून चालता." येणारा माणूस जागच्या जागी सरळ होतो. एकदा ती स्वतःचं गुडघेदुखीचं रडगाणं घेऊन डॉक्टरकडे गेली आणि खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरलाच म्हणाली, "चवड्याला दाबतोय ना तो बूट?" दाबत होता. गुडघ्याचा विषय राहूनच गेला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहते. तिला बरीच वर्षं एकच गोष्ट हवी होती. तळघरातून वर येऊन घरी पोचावं, तर दारात फुलं असावीत. चार दिवसांची पाहुणी नकोत, कायमची राहणारी. आमच्या इमारतीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत मातीचा एक पट्टा होता. त्यात विटांचे तुकडे, एक फुटकं बेसिन आणि कुणाच्या तरी सायकलचं एकटं पेडल पडलेलं असायचं. आत्यानं वार्षिक सभेत उभं राहून तो पट्टा मागितला.

आमचे सेक्रेटरी नाकानं बोलतात आणि प्रत्येक वाक्याआधी एक फाटक उघडतात. "मुद्दा असा आहे की, ताई, तिथं फरश्या बसवून स्कूटर लावायचं ठरतंय."

"ठरतंय की ठरलंय?"

"मुद्दा असा आहे की, ठरल्यासारखंच आहे."

"ठरल्यासारखा बूट कुणी घालतं का? बसतो तरी, नाहीतर नाही बसत."

लोक हसले. सेक्रेटरींना हसणं सहन होत नाही, म्हणून त्यांनी तिथल्या तिथं अट घातली. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत पट्टा ताईंचा. तोपर्यंत बाग उभी राहिली तर ठीक, नाहीतर फरश्या. आत्या म्हणाली, "चालेल." एवढंच, आणि लगेच खाली बसली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "ताई, तू आजवर साधा निवडुंग जगवला नाहीस." ती म्हणाली, "निवडुंगाला माझी गरज नव्हती."

मग आम्ही हमरस्त्यावरच्या मोठ्या नर्सरीत गेलो. काय ती नर्सरी! काचेचं दार, आत कारंजं, आणि साखरेत बुडवून काढलेला एक सेल्समन. "मॅ-ड-म! हे बघा, आजच फुललंय! तुमच्यासाठीच थांबलं होतं!" आता, अशा आवाजाची सगळी कळ आत्याला ठाऊक. रोज तीच तर "हा शेवटचाच जोड राहिलाय" म्हणते. पण रंगांपुढे तिचं भान सुटलं. जे जे फुललेलं दिसलं ते उचललं, आणि सवयीनं प्रत्येकातले दोन दोन. दोन पिटुनिया, दोन झेंडू, दोन झिनिया. घरी येऊन पट्ट्यात लावले ते अगदी चिकटून, डावा-उजवा, चवडे फाटकाकडे. बाबा गच्चीवरून बघत होते. "ताई, गिऱ्हाईक आलं की चढवून बघायला सांगणार का?"

पण खरं सांगते, ते फुलले तेव्हा दृष्ट लागावी असे फुलले. आत्या कामावर जाताना उगाच दोनदा फाटक उघडायची आणि लावायची. आणि मग एकेक करून सगळे वाळले. पाणी घातलं, खत घातलं, दुकानातलं बोलणंसुद्धा घालून झालं, "काय होतंय तुला, कुठं दाबतंय?" काही उपयोग नाही. ती तरातरा सेल्समनकडे गेली.

"मॅ-ड-म, ही हंगामी असतात ना! एक हंगाम झाला की संपली. हरकत नाही, नवा माल आलाय!"

आत्या तिथंच उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता, जणू तिनंच स्वतःला न बसणारा बूट विकला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी शोकेसमधला माल घेतला गं. मी! दुकानात सगळ्यात वाईट गिऱ्हाईक कोण माहितीये? जे बूट उलटा करून बघतं. वाकवतं, आत हात घालतं, शिवण ओढतं आणि विचारतं, आधी कुठून फाटणार हा? मी त्याच्या नावानं खडे फोडते. आता मी तसं गिऱ्हाईक होणार."

आणि झाली. सुट्टीच्या दिवशी आम्ही नर्सऱ्या पालथ्या घातल्या. आत्या आत शिरली की फुलांकडे पाठ करायची, एक कुंडी उचलायची, उताणी करायची आणि मुळांसकट रोप बाहेर काढायला बघायची. "मॅडम, हात लावू नका!" हे वाक्य मी तेव्हा इतक्या आवाजांत ऐकलं, घोगऱ्या, किनऱ्या, रडवेल्या, की अजून मला ते सगळे काढता येतात. दोन ठिकाणांहून आम्हाला जवळजवळ हाकललं.

शेवटी टायरच्या दुकानामागं एक नर्सरी सापडली. तिथं एकही फूल नव्हतं, कारण मालकीणबाई हातात कात्री घेऊन उरलेल्या कळ्या कापत होत्या.

"काकू, हे काय करताय?" आत्या कळवळली.

"कचकच," कात्री म्हणाली. काकू नंतर बोलल्या, "फुलं आत्ता हवीत की दर वर्षी?"

आत्यानं एक कुंडी उचलली आणि काकूंकडे बघितलं. काकू कात्री चालवत राहिल्या. आत्यानं रोप अलगद उपसलं. मुळं कुंडीच्या आकाराची झाली होती, गोल गोल, एकमेकांत अडकलेली.

"ह्याचा पाय आखडलाय," आत्या म्हणाली. "बूट लहान झालाय कधीचा."

दुसरी कुंडी. मुळं पांढरी, मोकळी, मातीला धरून. "हा ठीक आहे. ह्याला अजून वाढायला जागा आहे."

कात्री थांबली. "कुठल्या नर्सरीत होतीस गं तू?"

"चपलांच्या."

काकू एवढ्या हसल्या की त्यांना पिंपावर बसावं लागलं. मग मात्र दोघींची अशी गट्टी जमली की मला कुणी विचारेना. काकूंनी आधी पट्टा कसा आहे ते विचारून घेतलं. ऊन किती, पाणी साचतं का, माती कसली. मग म्हणाल्या, "दहा जातींचं एकेक नेऊ नकोस. तीनच जाती ने, पण घोळक्यानं लाव. शेवंती, डेझी, लिली. वर्षानुवर्षं राहतील. आणि मधे जागा सोड."

"किती?"

"तुला वाटेल की फार झाली, तेवढी."

जागा सोडणं हे आत्याला सगळ्यात अवघड गेलं. जोड वेगळा ठेवायचा म्हणजे तिच्या दुकानात गुन्हाच. खड्डे खणताना तिचा हात आपोआप दुसरं रोप जवळ सरकवायचा, आणि मी ओरडायचे, "आत्या, पाय पसरू दे त्याला!" लावून झाल्यावर पट्टा टकलावर राहिलेल्या चार केसांसारखा दिसत होता. सेक्रेटरी येता-जाता थांबायचे. "मुद्दा असा आहे की, ताई, माती छान दिसतेय."

शेवंतीनं त्या वर्षी मोजकी फुलं दिली, डेझीनं त्याहून कमी. थंडी पडली तसं सगळं तपकिरी झालं. मग आत्यानं काकूंची कात्री मागून आणली आणि सगळं जमिनीपासून बोटभर ठेवून कापून टाकलं. इमारतीत बातमी पसरली, ताईंनी हार मानली. सभा जवळ आली, तेव्हा सेक्रेटरी फरशीवाल्याला घेऊनच आले. त्यानं पट्ट्यावर दोरी ताणली.

"दोरी उचला," आत्या म्हणाली. "सभा व्हायचीय अजून."

"मुद्दा असा आहे की, मोजायला काय हरकत..."

"पाय आलेला नसताना माप कसलं घेता?"

घरी बाबा हळूच म्हणाले, "ताई, ऐक माझं. हमरस्त्यावरून फुललेल्या कुंड्या आणू, मातीत दडपू. सभा पार पडेल. कुणाला कळणार आहे?"

पट्टा गेला तर पुन्हा तेच तळघर आणि तळघरातून थेट जिना, हे आत्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती म्हणाली, "मला कळेल ना," आणि मला खाली घेऊन गेली. कापलेल्या शेवंतीशेजारची माती तिनं बोटानं बाजूला केली. आत हिरवट गुलाबी टोकं होती, एक नाही, घोळकाच. "नख लावू नकोस," ती कुजबुजली. "आत्ताच बाहेर पडतायत."

सभेच्या संध्याकाळी ती टोकं वर आली होती, बोटाएवढी. फूल एकही नाही. सगळे फाटकापाशी गोळा झाले आणि सेक्रेटरींनी नाकाचं फाटक उघडलं. "मुद्दा असा आहे की, बाग उभी राहायची होती. मला तर बाग दिसत नाही."

"वरून बघताय म्हणून," आत्या म्हणाली. आणि ती गुडघ्यावर बसली, तशीच, दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसते तशी. तिनं खुरपं घालून शेवंतीचं एक अख्खं ठोंब उपसलं, माती झटकली आणि उलटं करून सगळ्यांपुढं धरलं. "इथं मी एकच रोप लावलं होतं. ह्याचा तळ बघा." खाली पांढऱ्या मुळांचा झुपका होता आणि त्यातून चहूबाजूंनी पिल्लं फुटली होती, प्रत्येकाला स्वतःची मुळं. तिनं हातानं एक मोकळं केलं. "बसा... म्हणजे, घ्या," ती तळमजल्यावरच्या वहिनींना म्हणाली. "हे तुमचं." दुसरं वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला. तिसरं त्याच्या मुलीला, मग एकेक करत पुढं आलेल्या प्रत्येकाला. "हे पुढच्या वर्षी पुन्हा एवढंच होईल. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्याला द्याल. फरशीला पिल्लं होतात का हो, सेक्रेटरीसाहेब?"

आता हातात जिवंत रोप धरलेला माणूस काय करतो? कुठं लावू, असं विचारतो. शिंपी म्हणाला, "माझं जिन्याजवळ लावतो, चालेल?" वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडं सकाळचं ऊन येतं, खिडकीखाली लावते." सगळे पट्ट्यात वाकले, आणि मत घ्यायचं राहून गेलं. शेवटी बाबांनीच विचारलं, "फरश्या कुणाला हव्यात?" हात वर करायला कुणाचाच हात रिकामा नव्हता.

फक्त सेक्रेटरींचा होता. ते तो तसाच खिशात घालून उभे राहिले, मग बाहेर काढला, मग नाक खाजवलं.

"मुद्दा असा आहे की," ते म्हणाले, "माझं कुठाय?"

आत्यानं त्यांच्या बुटांकडे एकवार बघितलं आणि सगळ्यात मोठं पिल्लू काढून दिलं. "हे घ्या. आणि जागा सोडून लावा. पाय पसरू दे त्याला."

आता तो पट्टा असा फुलतो की स्कूटरवाले बाहेरच्या रस्त्यावर गाडी लावून चालत आत येतात. सेक्रेटरी पाहुण्यांना फाटकातच अडवून सांगतात, "मुद्दा असा आहे की, वरून बघू नका." आणि आत्या संध्याकाळी तळघरातून येते, फाटक उघडते, लावते, आणि पुन्हा उघडते.