काल काय रांधलं?

आमच्या कासिल्दाकडे सुरी घ्यायला गेलात तर ती आधी सुरी दाखवतच नाही. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकते, चष्म्यावरून तुमच्याकडे बघते आणि विचारते, "काल काय रांधलं?" बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर गडबडतं. त्याला वाटलेलं असतं, बाई पोलादाचं काहीतरी सांगेल, चार डबे उघडून दाखवेल. इथे भलतंच! पण उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. उत्तर मिळालं की ती खालच्या टोपलीतून एक बटाटा काढते, त्याच्या हातात ठेवते, एक साधी सुरी पुढे सरकवते आणि म्हणते, "हं, सोला."

स्पेनमधल्या आमच्या आल्बासेते गावात सुऱ्यांच्या दुकानांना तोटा नाही. दगड भिरकावला तर सुरीवाल्याच्याच दारात पडेल. पण बटाटा सोलायला लावणारं दुकान एकच, ते आमचं. म्हणजे माझ्या भावाचं, रुफिनोचं. तो गेल्यापासून आम्ही दोघी बघतो. त्याची बायको कासिल्दा पुढे काउंटरवर, आणि मी, ओब्दुलिया, मागे धारेच्या चाकावर. लग्न मी केलं नाही. विचारायला आले होते चार जण, पण एकाचीही धार टिकेल असं वाटलं नाही. कासिल्दा माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिला भावाच्या गळ्यात मीच बांधली. ती मला ओब्दू म्हणते. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, पारा चढलाय.

गिऱ्हाईक बटाटा सोलत असतं तेव्हा ती सुरीकडे ढुंकूनही बघत नाही, अंगठा बघते. आमच्याकडच्या बाया फळीबिळी घेत नाहीत. बटाटा एका हातात, छोटी सुरी दुसऱ्या हातात, पातं अंगठ्याकडे ओढायचं आणि तुकडे थेट पातेल्यात. असा हात दिसला की कासिल्दा छोटीच सुरी देते, कितीही मोठी मागा. एकदा एक नवरदेव आला. टीव्हीवर बघून आला होता, त्याला तलवारीएवढी सुरी हवी होती. "काल काय रांधलं?" तर म्हणे, पिझ्झा मागवला. तिनं त्याला पिझ्झा कापायचं चाक दिलं आणि पाठवून दिला! मी आतून ओरडले, "अगं, गिऱ्हाईक घालवतेस!" ती म्हणाली, "येईल परत. बायकोला घेऊन येईल." आला की.

आणि एक म्हातारे पोस्टमन. बायको जाऊन महिना झाला होता. काल काय रांधलं विचारल्यावर टोपी हातात धरून म्हणाले, "काही नाही हो. आयुष्यात कधीच काही नाही." कासिल्दानं त्यांना बटाटा दिलाच नाही. दातेरी सुरी काढली, टोमॅटो कापायची. म्हणाली, "आधी ब्रेड आणि टोमॅटो. तेल ओता वरून. ते जमलं की या, मग कांद्याचं बघू." दिवाळखोरीचा धंदा आहे हा, मी म्हणते नेहमी. घरात तीन सुऱ्या पुरतात, एक छोटी, एक मोठी, एक दातेरी, असं ती दुकानात उभी राहून गिऱ्हाइकाला सांगते. लाकडी ठोकळ्यात खोचलेले डझनाचे संच खिडकीत धूळ खात पडलेत. कुणी विचारलं तर म्हणते, "घरी पुसायला नोकर आहे का?"

गिऱ्हाइकांनी सोललेले बटाटे बादलीत पाण्यात पडतात, आणि दुपारी तेच आमच्या पोटात जातात. कासिल्दा दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते, मी अंगणापलीकडे, पण दुपारचं जेवण तिच्याकडेच. अख्ख्या गावानं सोललेल्या बटाट्यांचा रस्सा, बरगड्या घालून. तुम्हाला सांगते, त्या रश्श्यासाठी मी तिची सगळी नाटकं सहन केली आहेत.

तर ह्या उन्हाळ्यात काय झालं, ते सांगायचंय.

दर शनिवारी दुकान बंद करताना कासिल्दा स्वतःची छोटी सुरी माझ्याकडे धार लावायला आणते. ती सुरी तिच्या आईची. मी घासून घासून पातं करंगळीएवढं केलंय. जुलैच्या एका शनिवारी सुरी आली नाही. म्हटलं, विसरली असेल. पुढच्या शनिवारीही नाही. "सुरी कुठेय गं?" विचारलं तर म्हणाली, "आहे अजून धार." माझ्या धारेचं कौतुक आहे मला, पण इतकी काही ती टिकत नाही.

मग रस्सा बिघडला. आमच्याकडे रश्श्याचा बटाटा कापत नाहीत, मोडतात. सुरी अर्धी आत घालायची आणि हिसका द्यायचा. कट् असा आवाज होतो, खरबरीत तुकडा निघतो, आणि त्या खरबरीतपणानंच रस्सा दाट होतो. त्या दिवशी ताटलीत आले गुळगुळीत चौकोनी तुकडे आणि भोवती पाणी.

"हे काय? भांडी विसळलेलं पाणी वाढलंस का?"

"उन्हाळ्यात पातळच खावं," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यानंतर रस्साच बंद झाला. ब्रेड आणि डब्यातले सार्डिन मासे, परत ब्रेड आणि डब्यातले सार्डिन. "उकडतंय किती, चुलीपाशी कोण उभं राहणार!" खाली बादलीत बटाटे काळे पडायला लागले. तेव्हा मात्र मी घाबरले.

कारण सांगते. कासिल्दाची मुलगी न्येवेस व्हॅलेन्सियात असते. पोर चांगली आहे, जीव आहे तिचा आईवर, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की आईवर गेलेली. आईनं आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तिनं खोली रंगवून ठेवली आहे. गेल्या नाताळात ताटावर विषय निघाला आणि आमच्या ह्या बाईसाहेब बडीशेपेची दारू पिऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ज्या दिवशी मला माझं जेवण रांधता येणार नाही, त्या दिवशी मी आपणहून बॅग भरीन. तोवर नाव काढायचं नाही!" न्येवेसनं लगेच हात पुढे केला आणि आईचा शब्द घेतला. आता सप्टेंबरात जत्रेला ती येणार होती. येणार, जेवणार, बघणार.

दोन दिवस मी गप्प राहिले. माझ्यासाठी ते फार झालं. तिसऱ्या दुपारी दुकानाचं दार आतून लावलं, कासिल्दाला खांद्याला धरून काउंटरच्या बाहेर उभं केलं आणि स्वतः तिच्या जागी जाऊन दोन्ही कोपरं टेकली.

"या बाई. काल काय रांधलं?"

"ओब्दू, पोरखेळ पुरे."

"गिऱ्हाइकानं उत्तर द्यायचं असतं. काल काय रांधलं?"

"ससा. लसूण घालून."

"हो का? कचरा मी टाकला काल. सशानं डब्यात उडी मारली होती वाटतं, सार्डिनच्या!"

"वन्सं, दार उघडा!"

मी टोपलीतून बटाटा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिच्या सवयीची एक छोटी सुरी पुढे सरकवली. "सोल."

ती माझ्याकडे अशी बघत होती की दुसरी कुणी असती तर पळाली असती. मग तिनं बटाटा उचलला. सुरी धरली, पातं अंगठ्याकडे ओढलं, आणि सुरी सरळ खाली पडली. तिनं ती उचलली, पुन्हा लावली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिनं उचललीच नाही. आवाजात जराही बदल न करता म्हणाली, "अंगठा गेला, ओब्दू. मुळाशी असा ठणकतो की दाबताच येत नाही. काडी धरली तरी सुटते." आणि मग मात्र ती रडली, काउंटरच्या त्या बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे.

खरं सांगते, त्या क्षणी मला तिच्या अंगठ्यापेक्षा स्वतःचीच काळजी वाटली. ही व्हॅलेन्सियाला गेली तर मी सकाळी उठून भांडू कुणाशी? मीही रडले. मग दोघींनी नाकं शिंकरली आणि मी म्हटलं, "चला. दुकान सुऱ्यांचं आहे. एक तरी तुझ्या हाताची असेल."

गिऱ्हाईक म्हणून कासिल्दा म्हणजे, देवा, वाचव! आम्ही दुपारभर खण उपसत होतो. बारीक मुठीच्या सगळ्या सुऱ्या बाद झाल्या. मूठ जितकी बारीक तितकं चिमटीत जास्त दाबावं लागतं, हे ती स्वतः सांधेदुखीच्या बायांना रोज सांगते, पण स्वतः ऐकेल तर शपथ! हिची मूठ निसरडी, ती फारच हलकी, तिचा रंग बघवत नाही. शेवटी मी खिडकीच्या खालच्या फळीवरून वीतभर पात्याची, रुंद, जाड ऑलिव्हच्या लाकडाच्या मुठीची सुरी काढली.

"ही? ही हॉटेलवाल्यांची. मी घरच्या बाईला कधी दिली नाही ही."

"मुठीत धर आधी."

तिनं धरली. चिमटीत नाही, अख्ख्या मुठीत. बोटं लाकडाभोवती पुरती बसली आणि अंगठा नुसता बाजूला टेकून राहिला, काही न करता. तिचा चेहरा बदललेला मला दिसला, पण कबूल करेल ती कासिल्दा कसली!

"हिला फळी लागेल."

"लागेल."

"माझ्या आईनं जन्मात फळी वापरली नाही."

"तुझ्या आईला अंगठा होता."

क्षणभर वाटलं, आता सुरी माझ्या दिशेनं येते. पण ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, आणि फळी आण म्हणाली.

फळीवर कांदा जमला, मिरची जमली. कुरकुर चालूच होती, "हात कुठे ठेवू, बोटं कुठे लपवू, परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय." सोलायचा प्रश्नच नव्हता, सोलायला गाव आहे. अडलं ते मोडण्यापाशी. सुरी बटाट्यात घालायची आणि हिसका द्यायचा, तर पातं सरसर खालपर्यंत जायचं आणि गुळगुळीत तुकडा पडायचा. धार फार चांगली होती; दोष माझाच म्हणायचा. मी सुरी मागे नेली आणि मुठीजवळचा कोपरा तेवढा चाकावर धरून बोथट केला. परत येऊन म्हटलं, "हा कोपरा घाल अर्धा आत. आणि मनगट नाही, कोपरापासून हात फिरव. दार उघडतेस तसा."

तिनं कोपरा आत घातला. हात फिरवला.

कट्.

फळीवर खरबरीत तुकडा पडला होता, जसा हवा तसा.

"अजून एक दे," कासिल्दा म्हणाली.

बादलीतले चांगले उरलेले सगळे बटाटे तिनं त्या दुपारी मोडले. रस्सा एवढा झाला की शेजारच्या चांभारालाही दिला, आणि त्यानं पातेलं चाटूनपुसून परत केलं.

न्येवेस जत्रेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात शिरली आणि दारातच थबकली.

"आई, फळी?"

"नवा माल आलाय. वापरून बघितल्याशिवाय विकू कसा?"

न्येवेसनं माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यात बघितलं. "आत्या, हिला झालंय काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "शहाणी झालीये. उशिरा का होईना." तेवढ्यात मागे कट्, कट् सुरू झालं, आणि पोरगी टेबलाशी जाऊन बसली.

जेवण झालं. तिनं ब्रेडनं ताटली लखलखीत पुसली. मग अगदी सहज आईचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. कासिल्दाचे ओठ घट्ट मिटले. आवाज नाही, पण ओठ मिटले. न्येवेसनं हात हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "रस्सा अजून आहे का?"

त्या संध्याकाळी आम्ही तिघी जत्रेत फिरलो. मलईची पेस्ट्री खाल्ली, ओळखीचे भेटले, सगळ्यांशी बोललो, आणि त्या एका गोष्टीवर एकही शब्द नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. कासिल्दा तर पेस्ट्रीचा अर्धा तुकडा हातात धरूनच घरी आली.

सकाळी न्येवेस बॅग घेऊन खाली दुकानात आली. आता बोलणार, मी चाक थांबवलं. ती काउंटरपाशी गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभी राहिली.

"मला एक सुरी हवीये."

कासिल्दा बिचारी सवयीनं कोपरं टेकून मोकळी झाली. "काल काय रांधलं?"

"मी कुठे काय रांधलं?" न्येवेस म्हणाली. "काल माझ्या आईनं रांधलं."

कासिल्दा खाली वाकली, टोपलीत बटाटा शोधायला. एक बटाटा शोधायला एवढा वेळ लागत नाही. वर आली तेव्हा डोळे लाल होते आणि चष्मा हातात होता. तिनं बटाटा लेकीपुढे ठेवला.

"हं. सोल."

न्येवेसनं अंगठ्याकडे ओढत, आजीसारखा, सोलला. "अर्धा सालातच घालवलास," कासिल्दा म्हणाली, आणि छोट्या सुऱ्यांचा खण उघडला.

न्येवेसची गाडी अकराची होती. तिचा बटाटा बादलीत बाकीच्यांबरोबर पडला. दुपारी वरून कट् ऐकू आलं, तसं मी चाक थांबवलं, हात धुतले आणि जेवायला वर गेले.