पाठकोरे नसलेले पान

गृहखात्याच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षे काढलेल्या नोंदपालांना सहकारी तोंडावर ‘मूळबुवा’ म्हणत आणि पाठीमागे ‘मूळव्याध’. कोणताही कागद पुढे आला की त्यांचा पहिला प्रश्न असे, “मूळ कुठंय?” मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते फायलीला चिठ्ठी टाचत नसत. चिठ्ठीवर ‘मूळ पाहिले’ एवढेच दोन शब्द आणि खाली तारीख. त्यांच्याविषयी लिहायला बसण्याआधी परदेशी सशस्त्र संघटनांना दहशतवादी ठरवणाऱ्या यादीच्या सगळ्या फायली मी चाळल्या. त्यांत अशा चारशे बारा चिठ्ठ्या आहेत. चाळीस चिठ्ठ्या मी पडताळल्या. एकही खोटी निघाली नाही.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्याकडे सीमेपलीकडच्या एका संघटनेची फाइल आली. आरोप सात. त्या संघटनेच्या ताब्यातल्या गावात मूळबुवांची थोरली बहीण दवाखाना चालवत होती आणि औषधे इथूनच जात. संघटना यादीत गेली की तिच्या मुलखात काहीही पाठवणे गुन्हा ठरणार होते. म्हणजे दवाखान्याला कुलूप.

त्यांनी हे लपवले नाही. पहिल्याच दिवशी उपसचिव बाईंना लेखी कळवले. ते पत्र फायलीत आहे, आणि त्यावर बाईंचा शेराही: ‘पाहिले. काम यांच्याकडेच राहावे.’

घोडे अडले ते चौथ्या आरोपापाशी. शाळा जाळल्याचा तो आरोप. पुराव्यादाखल एक वृत्तपत्राचे कात्रण आणि एक वकिलातीचा अहवाल. कात्रणात म्हटले होते, ‘वकिलातीकडून समजते’. अहवालाला आधार म्हणून जोडले होते तेच कात्रण. दोघे एकमेकांच्या खांद्यावर उभे, जमिनीला पाय कुणाचाच नाही.

अशा वेळी नोंदपालापुढे दोन वाटा असत. चिठ्ठी नाकारून अख्खी फाइल फेरचौकशीला परत पाठवायची, म्हणजे वर्षाची निश्चिंती. किंवा तेवढा आरोप गाळून बाकीचे पुढे जाऊ द्यायचे. दोन्ही नियमाला धरूनच.

बाई स्वतः खाली कक्षात आल्या. “बुवा, परत पाठवलीत तरी मी अडवणार नाही. नियमात बसतंय.”

“नियमात बसतंय मॅडम, मनात बसत नाही. बसमधल्या बॉम्बचे कागद मी पाहिलेत. शवागारातली हाताने लिहिलेली यादी, आणि ‘आम्हीच केलं’ म्हणून त्यांच्या म्होरक्याची सही. यांना दहशतवादी नाही म्हणायचं तर काय, पाहुणे म्हणायचं?”

“आणि ताई?”

“तिला मी सांगतो.”

त्या दुपारी त्यांनी फोन केला. पुढचा संवाद एकट्या त्यांच्या आठवणीवर उभा आहे, हे नोंदवणे मला भाग आहे.

“ताई, सहा आरोप खरे आहेत.”

“मला सांगतोस? त्यांनी उडवलेल्या माणसांना टाके कोण घालतं? लिही की नाव, चांगलं ठसठशीत.”

“तुझा दवाखाना बंद पडेल गं.”

“वा! म्हणजे त्यांच्या तडाख्यातून वाचलेले तुमच्या कागदाने मरायचे. हे कुठल्या शहाण्याने लिहिलंय? त्याचं मूळ पाहिलंस का रे बाळ्या, की फक्त दुसऱ्यांचीच मुळं उकरतोस?”

टोमणा वर्मी लागला. संघटनेला यादीत घालणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा दर वेळी आधीच्या प्रतीवरून उतरवला जाई. तिचे मूळ मागायचे एकतीस वर्षांत त्यांनाही सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळघरात गेले. मंत्रिमंडळाने मंजूर केलेला मूळ नमुना छत्तीस वर्षांपूर्वीचा होता, तीन कागदांचा. तिसरा कागद त्यांनी उलटला. तो पाठकोरा नव्हता. मागे नववे कलम होते: आजारी व जखमींवर उपचार करणे आणि त्यासाठी औषधे पोहोचवणे हे संघटनेला साहाय्य समजले जाणार नाही. कधीकाळी कुणीतरी झेरॉक्स काढताना पुढचीच बाजू काढली होती. मग त्या प्रतीची प्रत, आणि तिचीही प्रत. कलम रद्द केल्याचा आदेश मी कसून शोधला. तो नाही. मधल्या अठ्ठावीस अधिसूचनांत हे कलमही नाही. त्यापायी किती दवाखाने बंद पडले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

“बहिणीसाठी कलम उकरून काढलं, असं म्हणतील हो लोक,” बाई म्हणाल्या.

“म्हणू देत. त्यांना म्हणावं, या आणि कागद उलटून बघा.”

सरकारने परक्या संघटनेवर असा शिक्का मारावा का, या प्रश्नाला माझे उत्तर या फायलीत आहे: मारावा, पण ज्या कागदांवर तो उभा आहे ते दोन्ही बाजूंनी वाचून. आरोपांना सहा चिठ्ठ्या, चौथा आरोप गाळलेला, आणि सातवी चिठ्ठी नवव्या कलमाला. अधिसूचना नवव्या कलमासकट निघाली.

पुढच्या खोक्यात औषधांबरोबर तिची साक्षांकित प्रत गेली. ताईंची पोच मूळबुवांनी मला दाखवली. मूळच, प्रत नव्हे. तिच्यावर लिहिले आहे: ‘औषधे मिळाली. खोके घ्यायला सीमेच्या नाक्यावर गेले होते. कागद विचारला, दाखवला, सोडले. मागची बाजू त्यांना मीच वाचून दाखवली.’