सात मिनिटं पुढे

आमच्या घरात घड्याळ नव्हतं तेव्हाची हकीकत मी आईकडून इतक्यांदा ऐकली आहे, की ती मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते. बाबा वर्ध्याकडून भोपाळला आले, कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि क्वार्टर मिळेपर्यंत नेहरू नगरात एका खोलीत राहिले. कारखान्याचं गेट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सायकलने तासाभराच्या वर लागे. वेळ कळायची ती शेजारच्या रेडिओवरून, आणि शेजारी रेडिओ कधी लावायचे, कधी नाही. गेट बंद झालं की अर्ध्या दिवसाची गैरहजेरी. बाबा कित्येकदा त्या बंद गेटापुढे डबा घेऊन उभे राहिले.

मग एके दिवशी टाइम ऑफिसात त्यांच्यापुढे एक इंग्रजी कागद आला. "यहाँ साइन कर दो," बाबू म्हणाला. बाबांना सही तेवढी येत होती. केली. तो उशिरा येण्याचा कबुलीजबाब होता. त्या वर्षीची वेतनवाढ गेली आणि क्वार्टरच्या यादीत नाव इतकं खाली घसरलं, की वसाहतीत यायला आणखी चार वर्षं लागली. माझा जन्म त्याच खोलीतला.

आईने ब्लाउज शिवून भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि ते सात मिनिटं पुढे लावलं. सातच का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "पाच मिनिटं माणूस मनातल्या मनात वजा करतो. सात वजा करायला वेळ लागतो, तोवर तो चपला घालतो." त्यानंतर आमच्या घरात आलेलं प्रत्येक घड्याळ सात मिनिटं पुढे लागलं. बाबांचं मनगटी घड्याळ, आईचं गजराचं, आणि पुढे माझा फोनसुद्धा. फोन घेतला त्याच दिवशी मी त्याची वेळ हाताने पुढे केली होती. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

त्या कागदापासून आईने आणखी एक नियम केला. वाचल्याशिवाय सही नाही. मी शिकले ती या नियमामुळे. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि पदवी पहिल्या वर्गात मिळवलेली. हे मी आडून सांगत नाही, सरळच सांगते. घरात कसलाही कागद आला, की बाबा तो न उघडता माझ्यापुढे ठेवायचे आणि समोर बसून राहायचे.

नोकरी लागली ती आजारपणाच्या विम्याचे दावे तपासणाऱ्या एका कंपनीत. एम. पी. नगरात छोटं ऑफिस, वरिष्ठ मॅडम पुण्यात. कोण कुठल्या दवाखान्यात कशासाठी गेलं, हे दिवसभर माझ्यासमोर असायचं. घरच्यांपासून लपवलेलं माणसं डॉक्टरला सांगतात आणि डॉक्टर ते कागदावर लिहितो. मी त्यातलं आईलाही कधी सांगितलं नाही. वर्षभर परीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, ठेवून मग कायम करणार होते. त्याच वर्षी बाबा निवृत्त होणार होते, म्हणजे क्वार्टर सोडायचं होतं. सोनागिरीत दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या, पण घरमालकाला भाडेकरूची पक्की नोकरी हवी होती. मी कायम झाले तर आम्ही तिथे जाणार. नाही झाले तर वर्ध्याला, जिथे आमचं म्हणून काही उरलं नव्हतं.

अशात कोरोनामुळे ऑफिसं बंद झाली आणि घरून काम सुरू झालं. लॅपटॉप माझाच, जुना. त्यात कंपनीचं व्हीपीएन घालायला सांगितलं. व्हीपीएन म्हणजे काय, ते मी बाबांना असं समजावलं होतं: माझ्या टेबलापासून ऑफिसपर्यंत जमिनीखालून टाकलेला पाइप. आत काय वाहतंय ते रस्त्यावरच्याला दिसत नाही.

"अन् पाइप टाकणाऱ्याले?" बाबांनी विचारलं.

"तो आपल्याच कंपनीचा आहे ना," मी म्हणाले.

पाइपात शिरायला पासवर्ड आणि वर एक सहा आकडी कोड लागायचा. कोड माझ्या फोनमधल्या एका अॅपवर यायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलायचा. पहिल्या दिवसापासून माझा कोड चुकीचा ठरला. राउटर बंद-चालू केला. अॅप काढून परत टाकलं. पासवर्ड बदलला. लॅपटॉप उचलून शेजारच्या भिंतीला टेकून बसले. काही नाही. आयटीचे सर रोज सकाळी फोनवर एक तात्पुरता कोड देऊन मला आत घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्या नेटचं काहीतरी करा. असं रोज नाही चालायचं."

नेट माझं नव्हतंच. आमच्या लाइनीतल्या सहा घरांत एकच कनेक्शन होतं, शेजारच्या काकांच्या नावावर. काका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. पासवर्ड म्हणजे त्यांच्या क्वार्टरचा नंबर, दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेला. कुणाला सांगावाही लागत नसे. वसाहतीत असंच होतं. एक वर्तमानपत्र तीन घरं फिरायचं, आमची किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे. माझा कॉलेजचा फॉर्म काकांनीच भरला होता आणि तिन्ही वर्षांचा अभ्यास मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर केला.

"काय ग्रॅज्युएट बाई, आज तरी उघडलं का दुकान?" ते रोज गॅलरीतून विचारायचे.

दहाव्या दिवशी माझा तोल गेला. "काका, सहा घरं एका तारेवर. कोण काय करतंय, कोण काय बघतंय, कुणाला ठाऊक. माझ्याकडे लोकांची खासगी कागदपत्रं असतात. कुणी डोकावत असेल तर?"

"कुणी म्हणजे कोण?"

ते गॅलरीतून आत गेले. संध्याकाळी काकूंनी आमची किल्ली आईच्या हातात आणून दिली. "तुमची तुमच्याकडेच असू द्या बरं," एवढंच म्हणाल्या. आईने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, आणि मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटवर शोधून एक फुकटचं व्हीपीएन लॅपटॉपवर घातलं. सामायिक नेटवर सुरक्षित राहा, तुमची माहिती फक्त तुमची, असं काहीबाही त्यावर लिहिलेलं होतं. खाली अटींची लांब यादी आणि शेवटी एक चौकट. मी चौकटीत खूण केली आणि पुढे गेले. दोन सेकंदही लागले नसतील.

माझा कोड तरीही चुकतच राहिला. पण आता भिंतीपलीकडच्यांना काही दिसत नसेल, या समाधानात मी तात्पुरत्या कोडवर काम करत राहिले. त्याच दिवसांत बाबांचा खोकला वाढला होता. छातीत घरघर, जिना चढताना दम. घाबरून मी त्या आजाराबद्दल पुष्कळ वाचलं, घरात कुणाला न सांगता. चार-पाच दिवसांनी माझ्या फोनवर दम्याच्या औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या. त्याचा त्या व्हीपीएनशी संबंध होता की नाही, हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. पण त्या दिवसापासून मी फोन टेबलावर उलटा ठेवायला लागले.

मग एका सकाळी ऑफिसचा दरवाजा पूर्ण बंद झाला. तात्पुरता कोडही चालेना. अकराच्या सुमारास आयटीच्या सरांचा फोन आला, मॅडमही लाइनीवर. मी फोन स्पीकरवर ठेवला कारण हातात वही होती. बाबा पलीकडे खाटेवर बसले होते.

"तुमच्या नावाने गेले बारा दिवस परदेशातून लॉगिन होतंय," सर म्हणाले. "तुम्ही भोपाळमध्येच आहात ना?"

"घरातच आहे."

"बरं, आधी कोडचं बघू. अॅप उघडा. आत्ता दिसतोय तो वाचा."

मी वाचला.

"चूक. फोनमध्ये वेळ किती दिसतेय?"

"अकरा एकोणीस."

"माझ्याकडे अकरा बारा आहेत."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथेही अकरा एकोणीस. एवढ्यात बाबा खाटेवरून मोठ्यांदा म्हणाले, "बरोबर हाय मग. आपलं घड्याळ सात मिनिटं पुढंच असते."

"असते म्हणजे?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं. गेट, सायकल, आईचं गणित, सगळं. मॅडम हसल्या, पण वाईट नाही हसल्या. सर म्हणाले, "अहो, तो कोड घड्याळावरच बनतो. तुम्ही सिस्टिमला रोज सात मिनिटांनंतरचा कोड देत होतात." फोनची वेळ आपोआप लागेल असं त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. नवा कोड त्यांनी तपासला. पहिल्या झटक्यात बरोबर.

म्हणजे काकांच्या नेटमध्ये काहीही बिघाड नव्हता. कुणी डोकावतही नव्हतं.

"आता ते परदेशाचं," सर म्हणाले. "तुमचं वायफाय सहा घरांत आहे, असं मागे म्हणाला होतात. लाइनीतल्या दुसऱ्या कुणीतरी काही केलं असेल. तसं लिहू का? तसं असेल तर तुमच्यावर काही येणार नाही."

मी हो म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. काकांना ते कळलंही नसतं. सोनागिरीच्या दोन खोल्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या आणि बाबा माझ्याकडे बघत होते. कागद समोर ठेवून बसायचे तसेच.

"नाही," मी म्हणाले. "मी एक फुकटचं व्हीपीएन घातलंय. चालूच असतं. मीच घातलं."

"कंपनीच्या कामाच्या लॅपटॉपवर? त्याच्या अटी वाचल्या होत्या?"

"नाही. न वाचता हो म्हटलं."

बाबांनी मान खाली घातली. ते रागावले नव्हते. ते मनाने त्या टाइम ऑफिसात जाऊन आले होते, एवढं मला कळलं.

अटी मी त्या दुपारी वाचल्या. तुम्ही कुठल्या साइटवर जाता याची आम्ही नोंद ठेवू आणि ती सहयोगी कंपन्यांना देऊ, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं. मी भिंतीपलीकडच्या माणसांवर संशय घेतला आणि ज्याचं गाव माहीत नाही अशा पाइपवाल्याकडे घराची किल्ली दिली. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न बरोबर होता. पाइप टाकणाऱ्याला दिसतं.

कंपनीने माझं काम तीन आठवडे बंद ठेवलं. ऑफिसचा पाइप त्या फुकटच्या पाइपाच्या आतही सीलबंदच राहिला होता, त्यामुळे लोकांचे कागद कुणी पाहिले नाहीत, असा निर्वाळा शेवटी मिळाला. गेलं ते माझं स्वतःचं: मी कुठे गेले, काय शोधलं, बाबांच्या छातीची काळजी. ते परत मागता येत नाही. परीक्षेचा काळ सहा महिन्यांनी वाढवला. तसं पत्र आलं तेव्हा मी ते बाबांना मराठीत ओळ न् ओळ वाचून दाखवलं आणि मग सही केली.

काकांकडे मी त्याच संध्याकाळी गेले होते, ज्या दिवशी घड्याळाचं कळलं. काकू दारातच होत्या. आमची किल्ली मी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. काका आतून म्हणाले, "घे गं, ग्रॅज्युएट झाली म्हणून काय झालं." मग काकूंनी किल्ली घेतली, चहा मात्र दिला नाही. चहा पुढच्या आठवड्यात मिळाला. राउटरचा पासवर्ड मी काकांबरोबर बसून बदलला. नवा पासवर्ड सहा घरांत चिठ्ठीवर लिहून दिला आणि दारावर लिहू नका, असं प्रत्येक घरी सांगितलं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी अजून परीक्षेवरच होते. मुदतीपलीकडे क्वार्टरमध्ये राहू देण्याचा अर्ज मी लिहिला आणि तो मंजूर झाला. वाढीव सहा महिने संपल्यावर मॅडमचं, मला कायम केल्याचं पत्र आलं. सोनागिरीच्या खोल्या दुसऱ्याला गेल्या होत्या. त्याच गल्लीत दुसऱ्या मिळाल्या, जरा लहान. करारनामा मी सगळा वाचला, दोन कलमं बदलून घेतली आणि सही केली. बाबा शेजारी बसले होते.

भिंतीवरचं घड्याळ नव्या घरातही सात मिनिटं पुढेच आहे. फोन बरोबर वेळ दाखवतो. मी नोकरीत कायम झाले आणि आमच्या घराचा करारनामा माझ्या नावावर आहे.