मामींचा अंदाज

कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत नवरात्रातलं सुंडल खावं तर अलमेलूमामींच्याच हातचं. देवीच्या नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून उकडलेल्या हरभऱ्यांत मीठ त्या नुसत्या अंदाजानं घालत, आणि तो अंदाज कधी चुकला नव्हता. काल मात्र सुंडल तोंडात धरवेना.

"मेलं मीठच खारट येतंय हल्ली!" मामी डाफरल्या.

आज त्यांनी हात राखूनच मीठ घातलं, वर खोबरं पेरलं. तेवढ्यात सून वैदेहीनं त्यांचं मनगट धरलं.

"अम्मा, पुरे!"

"चव न घेता तुला गं काय कळलं?"

"मघापासून तिसऱ्यांदा घालताय."

"काहीतरीच! मी अजून मिठाला हातसुद्धा लावला नाही."

त्यांच्या मुठीतून मीठ गळत होतं.