नवी यायच्या आधी जुनी सोडली

आमच्या चिपच्या कारखान्यात नवी मशीन यायची होती आणि ती येत नव्हती. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. सिलिकॉनच्या चकतीवर उजेडानं नक्षी छापणारी ही मशीन जगात मोजकेच लोक बनवतात, त्यामुळे सगळे चिपवाले एकाच रांगेत. एका मोटारीवाल्या कंपनीनं आम्हाला आणि आमच्या स्पर्धकाला सांगून ठेवलं होतं, जो चिपचा चालणारा नमुना आधी देईल त्याला काम. माझ्या हाताखालच्या अकरा जणांची नोकरी त्या कामावर होती.

आता माझा शहाणपणा ऐका. मशीन मार्चमध्ये येणार असं कळलं, तशी मी जुनी मशीन दलालामार्फत विकून जागा मोकळी करून घेतली. फरशी, हवा, वीज, सगळं नवीच्या मापाचं. ती जुनी चालवणारा आमचा तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, थोडं थांबू ना." मी त्याच्यावर खेकसले. मार्च गेला, जून गेला. पुरवठादाराचं एकच पालुपद, भिंग अजून तयार नाही.

हाताला कामच नव्हतं, म्हणून आठ दिवसांची सुट्टी काढून गावी, भातकुलीला आले. बाबा कपाशीत डवरा हाकून राहिले होते. बैल थांबवून ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले, आणि मी त्यांना सगळं सांगितलं.

"नवी आली नोती, त जुनी काहून इकली?"

"जागा करायची होती, बाबा."

"नवी जोडी औताले लागल्याबिगर आमी जुनी दावणीवरून सोडतो का? येवढी शिकली, न् हे नाई समजलं तुले?"

अस्सा राग आला! बाप बरोबर बोलला की येतो, तोच. मी पाय आपटत घरी आले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

सुट्टी संपल्यावर परतीची गाडी अकोल्याहून होती. तिथल्या जठारपेठेत बहिणीकडे जेवायला बसले, तेवढ्यात त्या तंत्रज्ञाचा फोन. काम स्पर्धकाला गेलं होतं.

"म्हणजे त्यांची नवी मशीन आली?"

"नाही मॅडम. तेही आपल्यासारखेच अडकलेत. त्यांनी दलालाकडून एक जुनी उचलली, तिच्यावर नमुना काढला."

"कोणती जुनी?"

"आपलीच."

वरणभातात हात तसाच राहिला. बहीण काय झालं, काय झालं विचारत होती, आणि मी ताटावरच रडले. लाज वाटली, स्वतःचा संताप आला, त्या अकरा जणांचे चेहरे दिसत राहिले.

फोन अजून चालूच होता. पलीकडून तो हळूच म्हणाला, "मॅडम, सहा वर्षं मीच चालवली ती. तिच्या सगळ्या खोडी मला ठाऊक आहेत. ते लोक मला घेतील का?"

घेतील, म्हटलं. हात धुतला आणि त्याचं शिफारसपत्र तिथंच लिहायला बसले.